मदत हवी आहे: लॅमिनेट क्युअर झाल्यावर फिल्मची घसर जाते. स्लिप नेमकी जाते कुठे?

तीनथर

नमस्कार. तळलेल्या चिवड्याच्या २०० ग्रॅम पाऊचचं लॅमिनेट आहे. बाहेर १२ मायक्रॉन पेट (पॉलिएस्टर फिल्म), छपाई त्याच्या आतल्या बाजूला. मग सॉल्व्हंटलेस पॉलियुरेथेन ॲडेझिव्ह, १.८ ग्रॅम प्रति चौ.मी. आत ५० मायक्रॉनची तीन थरांची ब्लोन पॉलिएथिलीन फिल्म, थरांचं प्रमाण १:२:१. स्लिप (फिल्म घसरती ठेवणारं रसायन) फक्त सीलंट थरात, म्हणजे सर्वांत आतल्या, गरम करून चिकटवायच्या थरात आहे: एरुकामाइडचा ५ टक्क्यांचा मास्टरबॅच (रसायन मिसळलेले प्लास्टिकचे दाणे) २ टक्के, म्हणजे त्या थरात १००० पीपीएम. अँटीब्लॉकही (वेढे एकमेकांना चिकटू न देणारी पूड) तिथेच, २००० पीपीएम. ॲडेझिव्हच्या बाजूला कोरोना (गोंद धरावा म्हणून पृष्ठभागाला दिलेली विजेची ट्रीटमेंट) ४० डाईन.

ब्लोन रोल दोन दिवसांनी मोजला तेव्हा सीलंट बाजूचा घर्षणांक ०.२४ होता. लॅमिनेशन करून ४५ अंशांवर ४८ तास क्युअर केल्यावर (ॲडेझिव्ह पक्कं व्हायला गरम ठेवल्यावर) तोच ०.४६ येतो. उभ्या पॅकिंग मशीनवर फिल्म फॉर्मिंग ट्यूबवर (जिच्याभोवती पाऊचचा आकार येतो त्या नळीवर) अडखळते, पाऊच ४-५ मिमी आखूड निघतात, आय मार्क (कापायची जागा दाखवणारी छापील खूण) सरकतो.

प्रश्न तीन:
१) स्लिप जाते कुठे?
२) डोस किती वाढवावा? मागे तिन्ही थरांत ४ टक्के मास्टरबॅच घातला होता, तेव्हा जानेवारीत रोलवर पांढरी पूड आली आणि बाँडही (थरांची एकमेकांवरची पकड) घसरला.
३) चिवडा भरणाऱ्या ग्राहकाला लेखी उत्तर हवंय की हे रसायन चिवड्यात उतरतं का. काय लिहावं?

ब्लोनलाइन

तीनथर, आधी हिशेब बदला. पीपीएम बघू नका, एका चौरस मीटरला किती मिलिग्रॅम स्लिप आहे ते बघा. घर्षण पृष्ठभागावर ठरतं आणि पृष्ठभाग चौरस मीटरमध्ये मोजतात.

तुमचा सीलंट थर १२.५ मायक्रॉन. घनता ०.९२ धरली तर एका चौ.मी.ला ११.५ ग्रॅम प्लास्टिक, आणि १००० पीपीएमने त्यात ११.५ मिग्रॅ स्लिप. पण हे ११.५ मिग्रॅ सीलंट थरात थांबत नाही. एरुकामाइडचा रेणू लहान आहे (रेणुभार सुमारे ३३८). पॉलिएथिलीनच्या स्फटिकांत तो मावत नाही, पण मधल्या मोकळ्या भागातून एक-दोन दिवसांत ५० मायक्रॉन सहज ओलांडतो. थर तीन असले तरी तिन्ही पॉलिएथिलीनचेच, स्लिपला वाटेत भिंत कुठेच नाही. त्यामुळे तुमच्याकडे सीलंटमध्ये १००० नाही, सगळ्या फिल्ममध्ये सरासरी २५० पीपीएम आहे. त्यातलं काही कोरोना बाजूला जातं, काही आत विरघळून राहतं.

पृष्ठभागावर रेणूंचा एक सलग थर बसायला साधारण २ ते ३ मिग्रॅ प्रति चौ.मी. लागतात. म्हणजे ११.५ मिग्रॅ पुरेसे दिसतात, पण वाटेकरी वाढले की हात आखडतो. लॅमिनेशनमध्ये नेमका एक वाटेकरी वाढतो.

आणि मागचा प्रयोग? तिन्ही थरांत २००० पीपीएम म्हणजे ९२ मिग्रॅ प्रति चौ.मी. आठपट. पूड येणारच होती. थंडीत पॉलिएथिलीनमध्ये स्लिप कमी विरघळते, जास्तीची बाहेर येऊन स्फटिक होते. मे महिन्यात पत्र्याच्या गोदामात तोच रोल चिकट वाटला असता, कारण गरमीत ती उलट आत शिरते.

गोंदथर

तो वाढलेला वाटेकरी म्हणजे ॲडेझिव्ह. ताजं, अजून न बांधलं गेलेलं पॉलियुरेथेन एरुकामाइडसारख्या अमाइडला चांगलं सामावून घेतं. पॉलिइथर जातीच्या सॉल्व्हंटलेसमध्ये हा त्रास जास्त दिसतो. त्यात ४५ अंश म्हणजे दुहेरी मार: विरघळण्याची क्षमता वाढल्यामुळे पृष्ठभागावरची स्लिप फिल्मच्या आत परतते, आणि वेग वाढल्यामुळे पलीकडे ॲडेझिव्हमध्ये पोचते. आत परतलेली थंड झाल्यावर पुन्हा वर येते. ॲडेझिव्हने घेतलेली बहुतेक येत नाही.

म्हणून एक विचारतो: ०.४६ हा आकडा क्युअरिंग रूममधून रोल काढल्यावर किती वेळाने घेतला?

तापमान ३८-४० पर्यंत उतरवा आणि कोट वेट (चौ.मी.ला लागणारं ॲडेझिव्ह) बाँड टिकेल इतकं खाली आणा, १.८ वरून १.५ करून बघा. पण क्युअरिंगचा वेळ कापू नका. ॲडेझिव्ह आरोमॅटिक (बेंझीनवलय असलेलं) असेल तर त्यातला न बांधला गेलेला आयसोसायनेट हा घटक ओलाव्याशी मिळून प्राथमिक आरोमॅटिक अमाइन बनवतो, आणि खाण्याच्या दृष्टीने तीच खरी काळजीची गोष्ट आहे. युरोपीय नियमात यादीतल्या कर्करोगकारक अमाइनपैकी प्रत्येक ०.००२ मिग्रॅ प्रति किलो या शोधमर्यादेवर दिसता कामा नये, आणि बाकीच्यांची बेरीज ०.०१ च्या वर जाता कामा नये. तापमान कमी केलंत तर डेटाशीटमध्ये त्या तापमानाला लिहिलेले दिवस पूर्ण द्या. घसर वाचवायला अर्धकच्चं लॅमिनेट बाहेर पाठवू नये, हे आग्रहाने सांगतो.

ट्यूबकॉलर

मशीनच्या बाजूने. फिल्मची पेट बाजू कॉलरवर (फिल्मला ट्यूबभोवती वळवणारा भाग) घासते, सीलंट बाजू ट्यूबवर. पुल बेल्ट पेटला धरून फिल्म खाली ओढतात. म्हणजे सीलंट आणि स्टील यांच्यात घर्षण कमी हवं, बेल्ट आणि पेट यांच्यात जास्त. फिल्म-फिल्म घर्षणांक एवढाच बघितला तर अर्धी गोष्ट सुटते. एएसटीएम डी १८९४ या घर्षण चाचणीच्या मानकात फिल्म-धातू मोजायची सोय आहे. २०० ग्रॅमचा स्लेड (ओढायचा ठोकळा), १५० मिमी प्रति मिनिट, आणि खाली ट्यूबच्याच फिनिशचा स्टीलचा तुकडा.

दुसरं, रोलमध्ये पेटची बाहेरची बाजू पुढच्या वेढ्याच्या सीलंटला टेकून राहते. तिथून थोडी स्लिप पेटवर छापली जाते. ताण जास्त असेल आणि रोल गरम असेल तर अधिकच. मग बेल्ट सटकतात आणि पाऊच आखूडच निघतात. लक्षण तेच, कारण उलटं! ओळखायचं असं: मशीन थांबवून बेल्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि पुन्हा चालू करा. लांबी काही वेळ बरोबर येऊन परत घसरली तर पेटवर स्लिप आहे आणि डोस वाढवणं चुकीचं ठरेल. काहीच फरक पडला नाही तर ट्यूब अडवते आहे. मग डोस वाढवा.

तीनथर

धन्यवाद मंडळी. गोंदथर, ०.४६ हा रोल बाहेर काढून तासाभरात घेतला होता. तोच रोल २४ तास २७ अंशांवर ठेवून पुन्हा मोजला: ०.३८. बेल्ट पुसून लांबीत फरक नाही. कोट वेट १.५ ला बाँड चाचणी चालू आहे.

ब्लोनलाइन

म्हणजे ०.४६ वरून ०.३८ ही आत परतलेली स्लिप पुन्हा वर आली, आणि ०.२४ पर्यंतचं उरलेलं अंतर बहुतांश ॲडेझिव्हने घेतलंय. साठा मधल्या थरात करा. सीलंट १००० तसंच ठेवा, मधल्या २५ मायक्रॉनमध्ये ५०० पीपीएम घाला, म्हणजे तोच मास्टरबॅच १ टक्का. सरासरी ५०० पीपीएम होते, २३ मिग्रॅ प्रति चौ.मी. दुसरा रोल मध्ये ७५० घालून काढा. कोरोना थरात काही घालू नका. तिथे ती शेवटी पोचतेच, पण उशिरा पोचते, आणि तेवढ्यात लॅमिनेशन उरकता येतं. ब्लोन रोल तीन आठवडे पडून राहिला तर डाईन पेन (कोरोनाची पातळी दाखवणारं पेन) आधी फिरवा. ३८ च्या खाली असेल तर लॅमिनेटरवर पुन्हा हलकी ट्रीटमेंट द्या.

अँटीब्लॉक मधल्या थरात घालू नका. तो खनिज आहे, जागचा हलत नाही. आत राहून नुसता धूसरपणा वाढवतो. जास्त छिद्राळ सिलिका थोडी स्लिपही शोषून घेते, हेही लक्षात असू द्या. आणि एलएलडीपीईच्या (फिल्मसाठी वापरायच्या पॉलिएथिलीनच्या) ग्रेडची डेटाशीट वाचा. काही ग्रेडमध्ये स्लिप आधीच असते आणि हिशेबात कुणी धरत नाही.

पुन्हा पूड दिसली तर अंदाज बांधू नका. ब्लेडने थोडी खरवडून काचपट्टीवर ९० अंशांना ठेवा. एरुकामाइड ८० च्या आसपास वितळतं, टाल्क-सिलिका तशीच राहते, पॉलिएथिलीन वॅक्सला १०० च्या वर जावं लागतं.

यंत्र हाताशी नसेल तर फळी वापरा. फळीवर फिल्म ताणून चिकटवा, त्याच फिल्मने गुंडाळलेला वजनाचा ठोकळा ठेवा, एक टोक हळूहळू उचला. घसरायला लागला की उंची भागिले आडवं अंतर. आडवे ५० सेंमी आणि उंची १० सेंमी म्हणजे ०.२, उंची २० म्हणजे ०.४. हा स्थिर घर्षणांक आहे, मशीनच्या आकड्याशी तंतोतंत जुळणार नाही, पण रोल-रोलमधला फरक पकडतो. रोलचे वरचे चार-पाच वेढे टाकून द्या आणि मोजायच्या जागेला बोट लावू नका. हाताचं तेल आकडा बिघडवतं.

नमुनातपासणी

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर: "उतरत नाही" असं लिहू नका, ते खरं नाही. तेलकट पदार्थात थोडी स्लिप उतरतेच. किती, ते लिहा.

पाऊच १६ × २२ सेंमी धरला तर दोन्ही बाजू मिळून आतलं क्षेत्र ७ चौ.डेसिमीटर. नव्या ५०० पीपीएम डोसने २३ मिग्रॅ प्रति चौ.मी., म्हणजे ०.२३ मिग्रॅ प्रति चौ.डेसिमीटर. सगळीच्या सगळी स्लिप चिवड्यात गेली असं मानलं तरी एका पाऊचमध्ये १.६ मिग्रॅ, म्हणजे किलोला ८ मिग्रॅ. एफएसएसएआयच्या २०१८ च्या पॅकेजिंग नियमांत एकूण स्थलांतराची (पॅकेजिंगमधून पदार्थात उतरणाऱ्या सगळ्याची) मर्यादा ६० मिग्रॅ प्रति किलो किंवा १० मिग्रॅ प्रति चौ.डेसिमीटर आहे.

पण हा फक्त स्लिपचा हिशेब. एकूण स्थलांतरात पॉलिएथिलीनचे लहान तुकडे (छोट्या साखळीचे रेणू), अँटिऑक्सिडंट, ॲडेझिव्हमधून आलेलं, सगळं एकत्र मोजलं जातं, आणि तेलात पॉलिएथिलीनचे लहान तुकडे बरेच निघतात. त्यामुळे हिशेबासोबत आयएस ९८४५ या स्थलांतर चाचणीच्या भारतीय मानकाप्रमाणे तयार लॅमिनेटचा अहवाल जोडा, सुट्या फिल्मचा नव्हे. प्रयोगशाळेला तीन गोष्टी लेखी द्या: पदार्थ तळलेला आहे, म्हणून स्निग्ध पदार्थासाठीचं द्रावण; संपर्क फक्त आतल्या बाजूने, पाऊच भरून किंवा सेल (एकाच बाजूला द्रावण टेकवणारं भांडं) लावून; आणि क्युअरिंग पूर्ण झाल्याची तारीख. लॅमिनेटच्या पट्ट्या कापून द्रावणात बुडवल्या तर कापलेल्या कडांमधून शाई आणि ॲडेझिव्हही निघतं आणि आकडा उगाच फुगतो. प्राथमिक आरोमॅटिक अमाइनची तपासणी त्यात येत नाही, ती वेगळी मागावी लागते.

तीनथर

ठरलं. मधल्या थरात ५०० आणि ७५० असे दोन रोल. प्रत्येकाचा अर्धा ४० अंशांवर डेटाशीटचे पूर्ण दिवस, अर्धा नेहमीसारखा ४५ वर. मोजणी थंड झाल्यावर २४ तासांनी, फिल्म-फिल्म आणि फिल्म-स्टील दोन्ही.

ट्यूबकॉलर

७५० च्या रोलवर बेल्टची पुसून-बघा चाचणी पुन्हा करा, आणि ती पहिल्या तासात नको. रोल आठवडाभर पडून राहू दे. पेटवर छापली जाणारी स्लिप तेव्हाच दिसते.