संत्र्याची साल आणि दही: पोटाला आराम की पोटाला ताप?

नारायणपेठी: काल इथेच एकाने टाकलं, संत्र्याची साल वाळवून पूड करा, दह्यात कालवून खा, पंधरा दिवसांत आतडी नवीकोरी. अहो, आतडी म्हणजे काय पितळेची भांडी आहेत घासून चकचकीत करायला? मी खाल्ली. तिसऱ्या दिवशी स्वारगेटच्या बसमध्ये पोटात जे नगारे वाजायला लागले ते शेजारच्या बाईंनीही ऐकले. शिवाय सालीवरची फवारणी कोण बघतंय?

बावधनची_मावशी: किती घेतली होती?

नारायणपेठी: दोन चमचे. मोठे.

बावधनची_मावशी: मग फुगणारच! सुक्या सालीत 20-30 टक्के पेक्टिन, म्हणजे विरघळणारा चोथा, ते आपल्याला पचत नाही, मोठ्या आतड्यातले बॅक्टेरिया आंबवतात, त्यातून ब्युटिरेट नावाचं आम्ल निघतं आणि आतड्याचं अस्तर त्यावर जगतं. आंबवणं आलं की गॅस आला. पाव चमच्याने सुरू करायचं असतं. आमची आजी दोडक्याच्या शिरांची चटणी आणि ताक रोज वाढायची, त्यालाच सिनबायोटिक (चांगले जंतू आणि त्यांचं खाद्य एकत्र) म्हटलं की तुम्ही पैसे मोजून घ्याल.

खडकवासला७०: मावशी, चटणी ठीक, पण विरजणातले बल्गेरिकस जंतू जठराच्या आम्लात बहुतेक मरतात. प्रोबायोटिक, म्हणजे तब्येतीला उपयोगी जिवंत जंतू, म्हणायला जंतूंचा ठरावीक वाण (स्ट्रेन) लागतो, पुरेशा संख्येने जिवंत. दही म्हणजे आपोआप प्रोबायोटिक नाही.

बावधनची_मावशी: टायफॉइडनंतर अँटिबायोटिकने माझ्या लेकाचं पोट बिघडलं तेव्हा दहीभातानेच सावरलं. माझं विरजण 22 वर्षांचं आहे, सासूबाईंकडून आलेलं.

खडकवासला७०: 22 वर्षांत त्यात कोण कोण राहायला आलं असेल देव जाणे. आमच्याकडे पिशवीच्या दुधाचं दही उन्हाळ्यात तार सोडतं.

बावधनची_मावशी: दूध कोमट होण्याआधीच विरजण लावत असाल. किंवा भांडं न उकळलेलं. स्वतःचा आळस दह्यावर ढकलू नका.

कर्वेनगरी: दोघंही थांबा, आमच्या हिने कढी उकळून 'प्रोबायोटिक' म्हणून पाजली आहे आठवडाभर.

खडकवासला७०: उकळीत सगळे मेले. अंत्यविधीची आमटी झाली ती.

बावधनची_मावशी: कढीला आमटी म्हणणाऱ्याशी मी बोलत नाही.

नारायणपेठी: धागा सालीचा होता! बरं, पाव चमचा घेऊन बघतो, संत्रं चोळून धुवून. पण कालच्या पोस्टवाल्याला याचं श्रेय देऊ नका. मावशी, विरजण मिळेल का वाटीभर?

बावधनची_मावशी: डबा तुमचा आणा, झाकणासकट. मागचे दोन गेले ते गेलेच.