मदत हवी आहे: बारावीच्या निरोप समारंभाचं भाषण, विषय स्वयंशिस्त

नमस्कार मंडळी. माझी भाची इथे नागपूरला धरमपेठेत बारावी सायन्सला आहे. जानेवारीत निरोप समारंभ आहे आणि मुलांच्या वतीनं तिला बोलायचंय. विषय सरांनीच दिला: स्वयंशिस्त.

मसुदा वाचला. पहाटे उठा, मोबाइल दूर ठेवा, वगैरे. पोरं जांभया देतील, बाप्पा! बाबासाहेब लंडनला तासन्‌तास ग्रंथालयात बसत, हेही घेतलंय. पण दीक्षाभूमीच्या गावात ते प्रत्येक वक्ता सांगतोच.

मला वाटतं, तिनं आपल्या वर्गाचंच सांगावं. फिजिक्सला लेखी 70 आणि प्रात्यक्षिकाचे 30, म्हणून शेवटी जर्नल पूर्ण करायला उडणारी झुंबड. मे महिन्यात पारा 45 च्या घरात असताना क्लासला जाणं. नीटच्या नादात भाषेची पुस्तकं कोरी राहणं. पण उद्या घंटा नाही, घरचा धाक नाही, तेव्हा काय? इथेच तिचं अडतंय.

बारावीनंतर कुणी हॉस्टेलवर राहिलं असेल तर सांगा ना, पहिल्या वर्षी कोणती सवय टिकली, कोणती सुटली? आणि शिक्षकांचे आभार रडारड न करता कसे मानायचे? तयार भाषणं मात्र नकोत, ती गूगलवर ढिगानं आहेत.