मांडवाचे अँगल: रंगवलेले की जस्ताचे?

प्रश्न (निफाड): द्राक्षबागेचा मांडव नव्यानं उभारतोय. रेड ऑक्साइड मारलेले जुने अँगल मातीलगत कुजलेत, वर मात्र ठणठणीत. जस्ताचा थर दिलेले महाग पडतात. घ्यावेत का?

ओझरकर: घ्या दादा. रंगाला ओरखडा गेला की गंज आत सरकतो. जस्त लोखंडाआधी स्वतः झिजतं, त्यामुळे बारीक ओरखडा निभावतो. पण हॉट डिपच मागा, साधारण ४५० अंशांच्या वितळलेल्या जस्तात बुडवलेले. चंदेरी रंग फासून विकणारे महाभागही आहेत! भोकं आधी पाडा, मग बुडवून घ्या, म्हणजे भोकांच्या कडांनाही जस्त चढतं.

पिंपळगाववाला: बोर्डो (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक) फवारता ना? त्यातलं तांबं जस्ताला खातं. बुडख्याला डांबर फासा.

प्रश्नकर्ता: भोकं मी नंतरच पाडणार होतो. जुन्या अँगलचे वरचे तुकडे गोठ्याच्या शेडला लावतो, भंगारवाल्याला कशाला?