मुलगी नंदुरबारकडं मिशन दवाखान्यात निघाली आहे, काय सांगून पाठवू?

शाहूपुरीचे बाबा:
आम्ही कोल्हापूरचे, तीन पिढ्या इथल्याच चर्चमध्ये. मुलीचं नर्सिंगचं शिक्षण, जीएनएम झालं, इथं नोकरीही लागली होती. ती सोडून आता सातपुड्यात, आदिवासी भागातल्या मिशन दवाखान्यात दोन वर्षांसाठी जाते म्हणते. पगार निम्मा. तिच्या आईनं चार दिवस धड जेवण केलेलं नाही. मी अडवणार नाही, पण तिला काय सांगून पाठवू ते कळत नाही. भाषा कशी, माणसं कशी? आणि "धर्मांतर करायला आलीस का" असं कुणी विचारलं तर तिनं काय म्हणायचं?

बावड्याच्या सिस्टर:
दादा, नमस्कार. मी तिकडं अकरा वर्षं काढली. १९९१ ला गेले तेव्हा तो धुळे जिल्हाच होता, नंदुरबार वेगळा झाला १९९८ ला.

आधी भाषेचं सांगते, कारण मी तिथंच चुकले. वाटलं, महाराष्ट्रच आहे, मराठी चालेल. पुरुषांना बाजारापुरती मराठी यायची, बायकांना तेवढीही नाही. भिलोरी, पावरी, मावची, दर खोऱ्याला बोली बदलते. आश्रमशाळेतलं पोर सोबत असलं की ते दुभाषी व्हायचं. पण अंगावरनं जातंय हे बाईनं दहा वर्षांच्या मुलाकरवी कसं सांगावं? ती सांगायचीच नाही. शेवटी मी दवाखान्यात झाडलोट करणाऱ्या मावशींकडनं शिकले. त्या तांदूळ निवडायच्या, मी वही घेऊन शेजारी. डावीकडं मराठी, उजवीकडं त्यांचा शब्द. पहिला शब्द "याहा", म्हणजे आई.

आता जे सांगते ते मुलीला नक्की वाचायला द्या. पहिला पावसाळा. दीड वर्षाचं मूल आलं, हातापायाची बोटं वांग्यासारखी सुजलेली, रडून आवाज बसलेला. सिकलसेल, रक्तातला आनुवंशिक आजार. तिकडं तो खूप, आणि गारठा, ताप, पाणी कमी पडणं यानं दुखणं उफाळतं. सलाईनला शीर मिळेना. डाव्या मनगटाला काळा दोरा होता, त्याच्या खाली एक शीर दिसली. मी कात्रीनं दोरा कापला आणि ट्रेमध्ये टाकला. आई काही बोलली नाही, फक्त ट्रेकडं बघत राहिली. पहाटे बघते तर खाट रिकामी. सलाईनची नळी नीट गुंडाळून उशाशी ठेवलेली.

दोन दिवस नदीला पूर. तिसऱ्या दिवशी मावशींना घेऊन पाड्यावर गेले. मूल होतं, पण मलूल पडलेलं. दोरा बांधणारा भगत तिथंच बसला होता. मावशींच्या तोंडून मी त्याची आणि त्या आईची माफी मागितली. तो बराच वेळ गप्प होता. मग त्यानं नवा दोरा पोराच्या पायात बांधला आणि म्हणाला, "हात तुला ठेवलाय. घेऊन जा." मूल वाचलं. त्यानंतर अकरा वर्षांत मी कुणाचा दोरा कापला नाही, सोडून दुसऱ्या हाताला बांधला.

त्याच भगतानं पुढं किती माणसं पाठवली! मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, कळतही नाही, खूणही दिसत नाही. पहाटे पोटात दुखतं, उलटी होते, मग पापण्या मिटायला लागतात. मी त्याला एवढंच शिकवलं होतं, पापणी जड झाली की मंत्र वाटेत म्हण, पण आधी इकडं आण. तो आणायचा.

धर्मांतराचं विचाराल तर औषधाच्या पुडीबरोबर प्रार्थना बांधून द्यायची नाही. दुखणाऱ्या माणसाला नाही म्हणता येत नाही, त्याचा फायदा घेणं पाप आहे असं मी मानते. कुणी विचारलं, "तू कुणाची?" तर सरळ सांगायचं, मी येशूची. लपवायचंही नाही.

धडगावचा पावरा:
मी तिकडचाच, नोकरीमुळं कोल्हापुरात आहे. माझा जन्म मिशन दवाखान्यातला, आई अडली होती. ते उपकार घरात कुणी विसरलेलं नाही. पण माझे काका ख्रिस्ती झाले आणि ढोल वाजवायचे थांबले. देवाला चालत नाही असं त्यांना कुणीतरी सांगितलं. होळीला अंग रंगवून बुध्या म्हणजे आमचे नाचे नाचतात तेव्हा आजी अजून काकांच्या घराकडं बघते. बाबा, तुमच्या मुलीला सांगा, होळीच्या आधी भोंगऱ्या बाजार भरतो, तिथं यायचं. आमच्याकडं नुसती आजारी माणसं नसतात.

बावड्याच्या सिस्टर:
भाऊ, हे खरं आहे. माझ्यासमोरही असं सांगितलं गेलं आणि मी तेव्हा गप्प बसले, त्याचं मला अजून वाईट वाटतं. इथं आमच्या उपासनेत पेटी-तबला वाजतो, अभंग म्हणतो. मग ढोलानं काय केलं होतं? काकांना माझा नमस्कार सांगा.

माजी सैनिक, कागल:
सिस्टरांच्या वहीवरनं आठवलं. मी मिझोरममध्ये ऐझॉलला होतो. तिथं ११ जानेवारीला सुट्टी असते. १८९४ साली त्या दिवशी लॉरेन आणि सॅव्हिज हे दोन मिशनरी मिझो टेकड्यांत पोचले. त्या भाषेला लिपी नव्हती. त्यांनी लोकांकडनं शब्द गोळा करून रोमन अक्षरांत लिहायची पद्धत बसवली. लॉरेनचा मोठा कोश १९४० ला आला, म्हणजे तिथं पोचल्यावर शेहेचाळीस वर्षांनी. आणखी एक बघितलेलं सांगतो. मिझो बायका प्रत्येक स्वयंपाकाला मूठभर तांदूळ चर्चसाठी बाजूला काढतात. मी ज्या घरी जेवायला जायचो तिथं चुलीशेजारी त्यासाठी वेगळा डबाच होता.

शाहूपुरीचे बाबा:
सिस्टर, रात्री तिला सगळं वाचून दाखवलं. दोऱ्याचं ऐकून गप्प झाली, सकाळी जाऊन दोनशेपानी वही आणली. तिची आई विचारते, भाकरी मिळते का तिकडं?

बावड्याच्या सिस्टर:
मिळते, वहिनींना सांगा. ज्वारीची आणि मक्याची. सोबत कांदा-लसूण चटणी द्या, दोन किलो तरी, अर्धी वाटण्यातच जाते. आणि मच्छरदाणी चांगली जाड घ्या, चारी बाजूंनी गादीखाली खोचता येईल एवढी लांब. झोपण्याआधी ती स्वतःच्या हातानं खोचायची, कितीही दमली असली तरी.