मदत हवी आहे : डेबियनमधील अस्थिर पॅकेजेस नेहमीच्या अपडेटपासून वेगळी कशी ठेवावीत?

सप्रेम नमस्कार. खानापूर तालुक्यातील आमच्या गावच्या वाचनालयात डेबियन १२ ही लिनक्स संगणकप्रणाली असलेले चार संगणक आहेत. त्यांवर मुले अभ्यास करतात आणि ग्रामस्थ मराठी व कन्नड अशा दोन्ही भाषांत अर्ज टाइप करतात. कन्नड लिहिण्याच्या सोयीची नवी आवृत्ती तपासण्यासाठी मी एका संगणकावर 'सिड' या अस्थिर शाखेचा स्रोत जोडला. परंतु प्राधान्यक्रम न ठरवताच नेहमीचे अपग्रेड चालवल्यामुळे शेकडो पॅकेजेस (सॉफ्टवेअरचे तयार संच) त्या शाखेतून आली आणि तो संगणक पुन्हा पहिल्यापासून उभारावा लागला. परीक्षेच्या दिवसांत मुलांची गैरसोय झाली, याचे मला फार वाईट वाटते.

आता ॲप्टच्या (पॅकेजेस बसवणाऱ्या साधनाच्या) प्रेफरन्सेस फाइलमध्ये, म्हणजे कोणत्या स्रोताला किती प्राधान्य हे ठरवणाऱ्या फाइलमध्ये, सिडला १०० प्राधान्य द्यावे, असा विचार आहे. साधारण स्रोताचे प्राधान्य ५०० असल्याने आपोआप काही बदलणार नाही, मात्र सिडमधून मुद्दाम घेतलेल्या पॅकेजला पुढील सुधारणा तिथूनच मिळत राहतील, हे मला समजले आहे. अडचण अवलंबित्वांची, म्हणजे एखाद्या पॅकेजला चालण्यासाठी लागणाऱ्या इतर पॅकेजेसची आहे : एका लहान पॅकेजमागोमाग सी लायब्ररीची (जवळजवळ सर्व प्रोग्रॅम जिच्यावर चालतात तिची) नवी आवृत्ती आली, तर तिचा परिणाम सगळ्याच प्रणालीवर होतो. सिडला उणे प्राधान्य देऊन फक्त हवे ते पॅकेज वर ठेवल्यास त्याची अवलंबित्वे अडणार नाहीत का? की डीबूटस्ट्रॅप या साधनाने वेगळी क्रूट (chroot, म्हणजे मूळ प्रणालीच्या आतच स्वतंत्र फोल्डरमध्ये ठेवलेली दुसरी डेबियन प्रणाली) उभारून चाचणी तिथेच करावी? ज्यांनी यांपैकी एखादी पद्धत प्रत्यक्ष वापरली आहे, त्यांनी आपली प्रेफरन्सेस फाइल कृपया दाखवावी.