शब्दचर्चा : प्राथमिक ऊर्जा, वापर की खप?

धरमपेठकर : मुलीच्या प्रकल्पाचं मराठी करून राहिलो. देशाची ऊर्जेची भूक वर्षानुवर्षं कशी वाढली, त्याचा आलेख आहे. मथळ्यात 'प्राथमिक ऊर्जेचा उपभोग' लिहिलं, तर पोरगी म्हणते, "बाबा, प्राथमिक म्हणजे चौथीपर्यंतची का?" 'उपभोग' मलाही खटकतो, त्याला लोड-तक्क्यांचा वास येतो. 'खप' लिहू?

कोराडीकर : 'प्राथमिक'ला हसू नका भाऊ. रूपांतर व्हायच्या आधीची ती प्राथमिक. आमच्या वीज केंद्रात रेल्वेच्या वाघिणीतून उतरतो तो कोळसा प्राथमिक, आणि तारेतून तुमच्या कूलरपर्यंत पोचते ती वीज दुय्यम. कोळशातल्या उष्णतेचे ३ भाग जाळावे तेव्हा विजेचा साधारण १ हाती लागतो. बाकीची धुराड्यातून अन् कूलिंग टॉवरमधून हवेत. म्हणून घरोघरच्या मीटरची बेरीज करून हा आकडा निघत नाही. मला विचाराल तर 'मूळ ऊर्जा' बरं, पण 'प्राथमिक' रुळलंय, पोरीचे मार्क कशाला घालवता? एकक 'टन तेलतुल्य' असेल तर १ टन म्हणजे १ कोटी किलोकॅलरी, हे समासात लिहून द्या.

काटोलची लेक : 'खप' जपून हं. खप विकल्या जाणाऱ्या वस्तूचा : दुधाचा, पेपरचा, मे महिन्यात कूलरच्या ताट्यांचा. माझ्या आजीनं जन्मभर गोवऱ्या अन् पऱ्हाट्या जाळल्या, एकही विकत आणली नाही. मग तिचा खप शून्य का? काही आकडेवाऱ्या फक्त बाजारातलं इंधन मोजतात, काही जळतणही धरतात. पहिलीला 'खप' शोभतो, दुसरीला 'वापर'च पाहिजे. फरक नुसत्या शब्दाचा नाही. चुलीत निम्म्याहून जास्त आच भांड्याला लागतच नाही. घरात सिलिंडर आला की तेवढीच भाकर कमी इंधनात होते. म्हणजे तेच घर दुसऱ्या आलेखात खाली येतं अन् पहिल्यात, आजवर नव्हतंच म्हणून, वर चढतं.

धरमपेठकर : बाप्पा! आलेखाखाली बारीक अक्षरात आहे : 'जळतण वगळून'. म्हणजे खपच. पण छतावरच्या सौर पॅनलची वीज? ती दुय्यम कशी म्हणायची?

कोराडीकर : नाहीच म्हणायची. ती जन्मतःच वीज, म्हणून तिलाच प्राथमिक धरतात. काही जण जेवढी निघाली तेवढीच मोजतात, काही जण तेवढ्या विजेला किती कोळसा लागला असता तो हिशेब लावून फुगवतात. पहिल्या रीतीत कोळशाच्या जागी सौर आलं की दिवे तेवढेच, अन् रेघ मात्र उतरते. तिथं 'बचत' लिहू नका, 'घट' लिहा.

धरमपेठकर : मथळा ठरला : 'प्राथमिक ऊर्जेचा खप (जळतण वगळून)'. पोरीला सगळं समजावून सांगितलं. शेवटी विचारते, "पऱ्हाटी म्हणजे काय?"

काटोलची लेक : कापूस वेचून झाल्यावर शेतात उरतं ते झाड, म्हणा. रविवारी घेऊन या तिला, दाखवते.