ए सेव्हन फोरचं फोर-के फुटेज जुन्या पीसीवर चालत नाही, काय बदलू?

मिरजेचा शूटर:
नमस्कार मंडळी. लग्नाची कामं करतो. आजवर फुल एचडीवर भागलं, यंदा सोनीचा ए सेव्हन फोर कॅमेरा घेतला. हळदीचं शूट फोर-के ५० फ्रेम, एचएस फॉरमॅट, टेन-बिट ४:२:२ (रंगाची जास्त माहिती ठेवणारं) मध्ये केलं. एडिटिंगच्या प्रीमियर सॉफ्टवेअरमध्ये नवरीचा हात पुढे येतो, चित्र गोठतं, आणि एकदम गाल पिवळे झालेले! पीसी: आय-५ ९४००एफ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, जीटीएक्स १६५० ग्राफिक कार्ड, फुटेज साध्या हार्ड डिस्कवर. दुकानदार म्हणतो आरटीएक्स ४०६० टाक. तुळशीच्या लग्नाआधी सेट व्हायला हवं.

ऋता एडिट्स:
हातातलं काम प्रॉक्सीवर, म्हणजे फुटेजच्या हलक्या कॉपींवर काढा. रात्री बनवायला लावा, सकाळी कटिंगला बसा.

कोल्हापूरचा नाना:
भावा, ४०६० वर पैसे घालू नकोस. एचएस म्हणजे एच २६५, व्हिडिओ खूप दाबून साठवणारा प्रकार. त्याचं ४:२:२ उलगडणं ४० सिरीजच्या कार्डांना जमतच नाही, ते ५० सिरीजपासून आलं. सगळा भार प्रोसेसरवर पडतो, आणि तुझ्या 'एफ'वाल्यात इंटेलचं ग्राफिकही नाही. खरी अडचण तिथंच आहे.

बिगर-'एफ' आय-५ १३५०० घे. त्याच्या इंटेल ग्राफिकमधलं क्विक सिंक (व्हिडिओ उलगडणारा भाग) हे फुटेज सहज उलगडतं. मदरबोर्ड बी ६६० चा, डीडीआर ४ वाला बघ, म्हणजे जुनी रॅम चालेल. ती ३२ कर.

आणि डिस्कचं मनावर घे. २०० एमबीपीएसला (सेकंदाला २०० मेगाबिट) तासाला ९० जीबी होतात. चालू काम एनव्हीएमई, म्हणजे वेगवान एसएसडीवर ठेव, जुनी डिस्क बॅकअपला. लग्न पुन्हा लागत नाही, दुसरी कॉपी झाल्याशिवाय कॅमेऱ्याचं कार्ड फॉरमॅट करायचं नाही म्हणजे नाही.

ऋता एडिट्स:
ऑल-इंट्रामध्ये, म्हणजे प्रत्येक फ्रेम स्वतंत्र साठवून शूट केलं तर? एडिटला हलकं जातं.

कोल्हापूरचा नाना:
जातं, पण ५० फ्रेमला ५०० एमबीपीएस, तासाला २२५ जीबी. दिवसभराच्या लग्नाला कार्डं पुरायची नाहीत. जाहिरातीच्या कामाला ठीक.

मिरजेचा शूटर:
नाना, आभार. उद्याच कोटेशन काढतो. १६५० विकू का?

कोल्हापूरचा नाना:
ठेव, कलर आणि इफेक्टला लागेल. फक्त बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) इंटेलचं ग्राफिक चालू कर, ग्राफिक कार्ड लावलं की बरेच बोर्ड ते बंद करतात. मग प्रीमियरच्या मीडिया सेटिंगमध्ये हार्डवेअर डिकोडिंगला इंटेलवर टिक कर.